न मोजलेलं पाणी

धुण्याच्या सोड्याचा पारदर्शक खडा हाताला कोरडा लागतो; तरी त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. सोडियम कार्बोनेटच्या एका एककामागे या स्फटिकजलाचे किती रेणू, हा आपला आजचा प्रश्न. त्या संख्येला ‘क्ष’ म्हणू. ती काढायला आपण आम्ल वापरणार, आणि आम्लाची अभिक्रिया होते कार्बोनेटशी, पाण्याशी नव्हे. मग पाणी कसं कळायचं?

२.८६ ग्रॅम स्फटिक विरघळवून द्रावण बरोबर २५० मिलिलिटर करू. त्यातलं २५ मिलिलिटर पिपेटनं घेतलं, म्हणजे ०.२८६ ग्रॅम स्फटिक आले. मिथिल ऑरेंज टाकून ब्युरेटमधून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडू. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबायचं. समजा, २० मिलिलिटर लागलं. म्हणजे आम्ल ०.००२ मोल. कार्बोनेटच्या एका मोलला आम्लाचे दोन लागतात, म्हणून कार्बोनेट ०.००१ मोल, वजन ०.१०६ ग्रॅम. उरले ०.१८० ग्रॅम. त्याला १८ नं भागलं की पाणी ०.०१ मोल. क्ष झाला १०.

बघा, पाणी आपण मोजलंच नाही. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ परिशेष असा दिलाय: बाकीचे पर्याय वगळल्यावर जे उरतं, ते. आपलं पाणी तसंच हाती आलं. पण ‘उरलेलं सगळं पाणीच’ हे आपण गृहीत धरलं. ब्युरेटनं ते सांगितलेलं नाही.

आता तोच सोडा उघडा राहिला, वर पांढरी भुकटी धरली. तेवढ्याच वजनाला २५ मिलिलिटर आम्ल लागलं, तर क्ष येतो सुमारे ६.८. लगेच ७ म्हणावंसं वाटतं, आणि सात रेणू पाण्याचा सोडाही खरोखर असतो! पण दहा रेणूंचा आणि एक रेणूचा सोडा मिसळला, तरी सरासरी तीच येईल. अनुमापन सरासरी सांगतं, घटक नाही.

दर्शक चुकला तरी असंच. फिनॉल्फ्थॅलिन कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालं की रंग सोडतं, म्हणजे अर्ध्या वाटेवरच. तिथे १० मिलिलिटरला थांबून तेच गणित केलं, तर क्ष जवळजवळ २६ निघतो.

म्हणून पूर्णांक आला एवढ्यावर समाधान मानू नये. आधी खडा नीट पाहावा, मग उत्तरावर विश्वास ठेवावा.