झेरॉक्स काढली आणि 12 आर जमीन 48 आर झाली? समजून घ्या रोटेशन आणि एनलार्जमेंट

मोबाइलवर फोटो उघडून दोन बोटं गोल फिरवली की फोटो फिरतो आणि बोटं फाकवली की मोठा होतो. भूमितीत याच दोन क्रियांना रोटेशन आणि एनलार्जमेंट म्हणतात. दोन्हींतला फरक लक्षात आला नाही, तर जमिनीचा हिशोबही चुकू शकतो.

रोटेशन म्हणजे काय?

आकृती एका ठरावीक बिंदूभोवती फिरवणं म्हणजे रोटेशन. त्यासाठी तीन गोष्टी माहीत हव्यात: कोणत्या बिंदूभोवती, किती अंशांतून आणि कोणत्या दिशेने. समजा, आलेखावरचा (3, 1) हा बिंदू आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने 90 अंशांतून फिरवला. तो (-1, 3) वर जातो, पण आरंभबिंदूपासूनचं त्याचं अंतर तेवढंच राहतं.

फिरवल्याने आकृतीच्या बाजू, कोन, क्षेत्रफळ यांतलं काहीच बदलत नाही. म्हणून मूळ आणि फिरवलेली आकृती एकरूप असतात.

मग एनलार्जमेंटमध्ये काय बदलतं?

इथे दोन गोष्टी लागतात: केंद्रबिंदू आणि किती पट. आरंभबिंदू केंद्र धरून दुप्पट केलं, तर (3, 1) हा बिंदू (6, 2) वर जातो. आकृतीची प्रत्येक बाजू दुप्पट होते, कोन मात्र तेच राहतात. अशा आकृत्या समरूप असतात.

खरी गंमत क्षेत्रफळात आहे. लांबी दुप्पट झाली आणि रुंदीही दुप्पट झाली, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. बाजू तिप्पट केल्या तर नऊपट. दहावीच्या 'समरूपता' या प्रकरणात हाच नियम त्रिकोणांसाठी शिकवतात.

जमिनीचा हिशोब कसा चुकतो?

समजा, नकाशावर 1:1000 असं प्रमाण छापलं आहे. म्हणजे कागदावरचा 1 सेंमी जमिनीवर 10 मीटर. 4 सेंमी बाय 3 सेंमीचा आयताकृती तुकडा म्हणजे 40 मीटर बाय 30 मीटर, 1200 चौरस मीटर. सातबाऱ्याच्या भाषेत 12 आर.

आता त्याची 200 टक्के मोठी झेरॉक्स काढली. पट्टीने मोजल्यावर तुकडा 8 सेंमी बाय 6 सेंमी भरतो. कागदावर अजून 1:1000 लिहिलेलं असल्याने हिशोब 48 आर येतो! प्रत्यक्षात या झेरॉक्सचं प्रमाण 1:500 झालेलं असतं.

नकाशा आडवा-उलटा धरला तर असा घोळ होत नाही. फक्त उत्तरेचा बाण पाहून दिशा ठरवावी लागते.

काय लक्षात ठेवाल?

व्हॉट्सअॅपवर आलेल्या नकाशाची प्रिंट मूळ आकाराचीच असेल असं नाही. त्यामुळे छापलेल्या आकड्यावर विसंबून पट्टी लावू नका. नकाशावर रेषेच्या रूपात मोजपट्टी असेल, तर तिच्यावरून मोजा. नकाशा जितका मोठा होतो, तितकीच तीही मोठी होते.