वारशाचं पिस्तूल किती जुनं?

पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्यामुळे तिथल्या एखाद्या वाड्यात आजोबांच्या पेटीतून पिस्तूल निघालं, तर ते थेट शिवकाळात नेऊन बसवण्याआधी त्यावरच्या खुणा वाचाव्यात.

घोड्याला गारगोटी धरायचा चिमटा असेल तर ते चकमकीचं. तांब्याची टोपी बसवायची सोय असेल तर साधारण 1820 नंतरचं. मात्र जुन्या चकमकीच्या पिस्तुलांनाही मागाहून ही सोय करून घेत. नळीवर लंबगोलात 'ईएलजी' ही रोमन अक्षरं म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का. त्यावर मुकुट असेल तर चाचणी 1893 किंवा त्यानंतरची. जर्मन बनावटीच्या लुगरवर मुकुटाखाली 'एम 2' दिसलं, तर ते राजा दुसरा मानुएल याच्या काळातलं, पोर्तुगीज लष्करासाठी घेतलेलं. हा राजा 1908 ते 1910 एवढाच गादीवर होता.

गंज घासू नका. त्याबरोबर शिक्केही जातात. चापाला हात न लावता आधी पोलिसांना कळवा. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे. बाकीच्यांना परवाना लागतो.