घाटात अडखळणारी गाडी आणि आमची वही

आज आम्ही गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. हसू नका, आणि रेडिओही बंद करू नका. आपल्या भागात बऱ्याच गटांनी माल नेण्या-आणण्यासाठी जुन्या गाड्या घेतल्या आहेत, आणि जुनी गाडी घेतली की तिचं दुखणंही आपल्या दारात येतं. त्यातलं एक दुखणं फार चकवणारं असतं. गाडी चालता चालता मधेच झटके खाते, जोर सोडते, आणि गॅरेजला नेली की शहाण्या लेकरासारखी गप्प उभी राहते. मेकॅनिक लोक म्हणतात, गाडी मिसिंग मारतेय.

आमची गोष्ट सांगतो. माण तालुक्यातल्या आमच्या गटानं पेट्रोलवर चालणारी एक जुनी व्हॅन घेतली. आम्ही अकरा जणी. निम्मे पैसे बचतीतले, निम्मे कर्जाचे, महिन्याला सहा हजारांचा हप्ता. चटणी आणि पापड घेऊन गाडी फलटणला जाते, येताना शेंगदाणे, डाळी, तेलाचे डबे घेऊन येते. गाडी आमच्यातल्याच एक वहिनी चालवतात. त्यांनी परवाना काढला तेव्हा गावात चर्चा झाली होती, ती अजून पुरती थांबलेली नाही.

फलटणहून येताना मोगराळे घाट चढावा लागतो. तिसऱ्या महिन्यात घाटाच्या मधोमध गाडी अडखळायला लागली. एका पायानं लंगडणारी शेळी कशी चालते, तशी. वहिनींनी कडेला घेतली, बॉनेट उघडून थांबल्या, वीस मिनिटांनी गाडी काहीच न झाल्यासारखी चढून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग गावाला विषयच मिळाला. "क्लच नीट सोडत नाहीत." "घाट म्हणजे काय चूल आहे का?" हे बाहेरच्यांचं झालं, पण आमच्या मासिक बैठकीतही दोघी-तिघी म्हणाल्या, की वहिनींना थांबवू आणि पगारी ड्रायव्हर ठेवू. ठराव लिहायचाच बाकी होता. ड्रायव्हरचा पगार आणि हप्ता दोन्ही भरले असते तर चटणीत आम्हाला फक्त ठसका राहिला असता.

गॅरेजला नेली. थंड इंजिन, रिकामी गाडी, सपाट रस्ता. मेकॅनिकनं एक चक्कर मारली आणि म्हणाला, काही नाही. आम्ही आग्रह केला म्हणून चारही प्लग बदलले. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी घाटात तेच. मग त्यानं पेट्रोलचा पंप बदलला. पुन्हा तेच. आता म्हणाला इंजेक्टर बदलू. तोवर पाच हजार सातशे रुपये गेले होते. माणूस वाईट नव्हता, पण तो अंदाजानं काम करत होता आणि अंदाजाचे पैसे आम्ही भरत होतो.

आता थोडं इंजिनात डोकावू. आमच्या गाडीला चार सिलिंडर आहेत. प्रत्येकात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण येतं, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि त्या जोरानं गाडी चालते. म्हणजे चार गोष्टी हव्यात: हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी. चुलीलाही वारा लागतो, लाकूड लागतं, काडी लागते. दाब तेवढा जास्तीचा. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे एका सिलिंडरला मिनिटात चारशे वेळा पेटायचं असतं. त्यातले काही चुकले की हादरा बसतो. त्यालाच मिसिंग म्हणतात. (डिझेलच्या गाडीला ठिणगीचे प्लग नसतात, तिथं नुसत्या दाबानं पेटतं. म्हणून हे सगळं पेट्रोलच्या गाडीला धरून चाललंय.)

आम्ही काही मेकॅनिक नाही. पण समन्वयक म्हणून एक काम आम्हाला येतं. एखाद्या गटाचा हिशोब जुळला नाही, तर आम्ही खजिनदार बाईंवर बोट ठेवत नाही. वह्या काढतो आणि कोणत्या महिन्यापासून फरक पडला ते बघतो. तेच इथं केलं. शंभर पानी वही घेतली, पेनाला दोरा बांधून गाडीत ठेवली. प्रत्येक खेपेला लिहायचं: तारीख, गाडी सुरू होऊन किती वेळ झाला, माल किती, रस्ता चढाचा की सपाट, पेट्रोल किती, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, आणि काय झालं. 'काहीच झालं नाही' हेसुद्धा लिहायचं. यावर वहिनी आधी कुरकुरल्या, की न झालेलं काय लिहायचं? पण तीच ओळ कामाची ठरली. शिवाय दोन खेपांना आमच्यातल्या एका मावशींच्या मुलाला चालवायला बसवलं. तो दहा वर्षं टेम्पो चालवतो. त्याच्याही हातात गाडीनं घाटात तसेच झटके दिले. त्या दिवशी बैठकीतला ठराव आपोआप गळून पडला.

तीन आठवड्यांत सोळा खेपा झाल्या. सात वेळा झटके, नऊ वेळा काही नाही. सातही वेळा गाडी अर्धा तास तरी चाललेली, माल भरलेला आणि रस्ता चढाचा होता. टाकी भरलेली असतानाही झालं आणि तळाला गेली असतानाही झालं. पावसाचा संबंध दिसला नाही. रिकाम्या गाडीनं तोच घाट चढला तेव्हा काही झालं नाही.

वही का बोलते ते सांगतो. गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर झटके येत असतील, तर ठिणगीच्या वाटेत कुठंतरी पाणी शिरतंय. खड्ड्यात आदळल्यावर येत असतील, तर एखादं कनेक्टर सैल आहे किंवा वायर तुटत आलीय. आपल्याकडे उंदरांनी वायर कुरतडणं हेही नेहमीचंच; गाडी कणग्यांजवळ उभी करत असाल तर बॉनेट उघडून आधी तेच बघा. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं आणि रेस दिली की बरं होतं, असं असेल तर कुठल्यातरी फाटक्या नळीतून जादा हवा आत जात असू शकते. थंडीत सकाळीच अडखळत असेल तर गोष्ट वेगळी, गरम झाल्यावर अडखळत असेल तर वेगळी. आणि भारावर, चढावर, गरम इंजिनात अडखळत असेल, तर संशय ठिणगीवर जातो, नाहीतर पेट्रोलच्या दाबावर.

चढावरच का? हे आम्हाला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. भार आला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण जातं आणि आतला दाब वाढतो. दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला विजेचा जोर जास्त लागतो. हा जोर कॉइल देते. बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन ती त्याचे हजारो व्होल्ट करते. कॉइल दुबळी झाली असेल तर सपाटीवर निभावून नेते, घाटात तिची दमछाक होते. त्यात ती तापली की आणखी बिघडते, आणि थंड झाली की सावरते. आमच्या गाडीची ती वीस मिनिटांची विश्रांती कशासाठी होती ते इथं उमगलं.

वही घेऊन दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि विचारलं, स्कॅनर लावला होता का? आम्ही म्हणालो, नाही. झटक्यांच्या वेळी इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकून विझायचा, ते वहिनींनी पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलंही होतं. अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं स्कॅनर जोडला की गाडीनं लिहून ठेवलेली तक्रार वाचता येते. पी ०३०० आलं तर कुठला एक सिलिंडर नाही, इकडे-तिकडे सगळीकडे चुकतंय. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. आमच्या गाडीत पी ०३०३ आलं, म्हणजे तिसरा सिलिंडर. यावरून पंपाची बाजू सुटली. पंप चारही सिलिंडरना पेट्रोल देतो. तो कमी पडला असता तर बहुधा एकच सिलिंडर रडला नसता. चार हजार दोनशे रुपयांचा पंप आम्ही उगाच बदलला होता.

पण तिसरा सिलिंडर चुकतोय म्हटल्यावर लगेच काही विकत घ्यायचं नसतं. तो आकडा फक्त घर दाखवतो, घरात आजारी कोण ते सांगत नाही. मिस्त्रींनी जे केलं त्याला एक पैसाही लागला नाही. आमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. त्यांनी तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावला नाही. जुनी तक्रार पुसली. मग तेवढाच माल भरून, तोच घाट, वहिनीच गाडीवर, आणि मिस्त्री शेजारी बसलेले. तिसऱ्या वळणानंतर झटका बसला. स्कॅनरवर आलं, पी ०३०१. कॉइल जिकडे गेली, खोटही तिकडे गेली. ती पी ०३०३ वरच राहिली असती, तर असाच प्लग बदलून बघायचा, मग इंजेक्टर, आणि शेवटी त्या सिलिंडरचा दाब मोजायचा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या आणि गाडी बरी झाली, तर कशानं बरी झाली ते कळत नाही.

आम्हाला वाटलं, झालं काम. पण मिस्त्रींनी ती कॉइल हातात घेऊन आम्हाला दाखवली. खालची रबरी नळी फुगून मऊ झाली होती, तिच्यावर ऑइल. टॉर्च लावून तिसऱ्या प्लगच्या खोबणीत बघितलं तर तळाशी ऑइल साचलेलं. वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग जुनं होऊन कडक झालं होतं, त्यातून ऑइल झिरपत होतं, आणि त्या ऑइलनं रबर खराब झालं होतं. नुसती नवी कॉइल बसवली असती तर काही महिन्यांनी तीही गेली असती. पहिल्या गॅरेजमध्ये प्लग काढले तेव्हा हे ऑइल दिसायला हवं होतं, असं आम्हाला अजूनही वाटतं. कॉइल एकोणीसशे, पॅकिंग सहाशे, मजुरी पाचशे. तीन हजारांत काम झालं. पावती फाइलला आहे.

प्लग काढलाच तर त्याचं तोंड निरखून बघा. राखाडी किंवा फिकट तपकिरी असेल तर ठीक. पेट्रोलनं ओला असेल तर तिथं पेटत नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. आतल्या टोकाला ऑइल असेल तर खर्चाची तयारी ठेवा. पण हे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करायचं, आणि प्लग बसवताना आधी हातानंच फिरवायचा. पाना लावून वाकडा घुसवला तर आटे जातात, आणि मग दुखणं मोठं होतं.

काही जण चालू इंजिनात कॉइलच्या किंवा प्लगच्या वायरी उपटून बघतात, की कोणत्या सिलिंडरनं फरक पडत नाही. हे करू नका, कुणाला करू देऊ नका. जबरदस्त झटका बसतो. आणि पिवळा दिवा लुकलुकत असताना गाडी तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर जाऊन जळतं, तिथली महाग जाळी खराब होते आणि ती प्रचंड तापते. वेग कमी करा, जागा बघून थांबा, पण वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. उन्हाळ्यात आपल्या माळावर काय होईल ते सांगायला नको.

ज्यांना गाडी अजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी एवढंच. मालकानं गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर ती आधीच चालवून ठेवलीय, थंड इंजिनाचं दुखणं तुम्हाला दिसणार नाही. मग किमान अर्धा-पाऊण तास चालवा, माणसं बसवून, चढावर. आणि स्कॅनर लावलेला असला तरी 'तक्रार नाही' एवढ्यावर विसंबू नका. तक्रार पुसून टाकायला एक बटण पुरतं. आम्ही घेतली तेव्हा बाजारपेठेतच दोन चकरा मारल्या होत्या आणि सीट कव्हरचं कौतुक करत बसलो होतो.

ती जुनी कॉइल आम्ही टाकून दिलेली नाही. ऑफिसच्या कपाटात आहे, कुणाला बघायची असेल तर या. वही गाडीतच असते. कालच्या खेपेला वहिनींनी लिहिलंय: घाट, माल भरलेला, तिसरा गिअर, काहीच झालं नाही.