कवळी केव्हां बदलावी ?

आजोबांची कवळी रात्रीं पाण्याच्या वाटींत ठेवलेली पाहून कित्येक मुलांस मौज वाटते. परंतु तेच आजोबा भाकरी बाजूला सारून रोज दूधभातच मागूं लागले, तर ती मौज नव्हे. 'आतां वय झालें' असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. पुष्कळदां दोष वयाचा नसून कवळीचा असतो. म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कवळी एकदां बसविली कीं जन्माची सोय झाली, ही समजूत चुकीची आहे. दांत गेले म्हणजे ते ज्या हाडांत रोवलेले होते तें हाड झिजूं लागतें. पहिल्या वर्षीं ही झीज झपाट्यानें होते. पुढें ती मंदावते, पण थांबत नाहीं. वरच्या जबड्यापेक्षां खालच्या जबड्याचें हाड अधिक झिजतें. म्हणून बहुधा खालचीच कवळी आधीं डुगडुगूं लागते. मूल वाढलें कीं जोडा लहान होतो. येथें जोडा तोच राहून पाऊल आखडतें!

हें ओळखावें कसें ? बोलतांना कवळी खटखटते, खोकतांना सुटते, तिच्याखालीं अन्नाचे कण शिरून टोचतात. हिरडी लाल होते. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. गाल बसतात व हनुवटी नाकाकडे सरकते. कवळीचे दांत झिजून गुळगुळीत होतात, तिला तडा जातो, किंवा धुऊनही दुर्गंधी जात नाहीं. चिकटविण्याची पूड दिवसेंदिवस अधिक लागूं लागली, तर तीही एक खूणच समजावी.

असें दिसतांच दंतवैद्याकडे जावें. दरवेळीं नवी कवळीच लागते असें नाहीं. दांत शाबूत असतील तर आंतून नवें अस्तर देऊन तीच कवळी घट्ट बसवितां येते. दांत झिजले असतील किंवा बैठक फारच बिघडली असेल, तर मात्र नवी करावी. सामान्यतः पांच ते दहा वर्षांत ही वेळ येते. तथापि तपासणी दरवर्षीं व्हावी. घरीं कानसीनें घासणें किंवा बाजारी डिंकानें सांधणें घातक आहे. कढत पाण्यानेंही कवळी वांकडी होते.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. तोंडांतील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाला, तर 'कवळी लागली असेल' म्हणून दुर्लक्ष करूं नये. तो कर्करोगाचा आरंभही असूं शकतो. तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्यांस हा धोका अधिक.

कवळीचा त्रास सांगण्यास संकोच कसला ? अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं 1789 मध्यें शपथ घेतली, तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा एकच दांत उरला होता. आणि कवळीमुळें ओठ पुढें येतात अशी तक्रार त्यांनीं आपल्या दंतवैद्यास पत्रानें कळविली होती. आमच्या घरोघरचे वृद्ध मात्र मुलांना खर्च नको म्हणून मुकाट्यानें सोसतात. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, आज पंगतीस बसाल तेव्हां आजीआजोबांच्या ताटाकडे लक्ष द्या. काय खाल्लें यापेक्षां काय उरलें, हें पाहा. आणि मग प्रेमानें विचारा.