पाय गमावण्यापूर्वी पायाची नाडी पाहा

जबलपूरच्या जुन्या शहरातील दीक्षितपुऱ्यासारख्या दाट वस्तीत दैनंदिन कामे बहुधा पायीच उरकली जातात. दोनतीनशे पावले चालल्यावर पोटरीत गोळा येणे, थांबताच तो ओसरणे आणि पुन्हा चालू लागल्यावर परतणे, या त्रासाला घरोघरी 'वय झाले' किंवा 'वात आहे' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ही पायाच्या रोहिण्या अरुंद होत असल्याची सूचना असू शकते. ती वेळीच ओळखल्यास पाय वाचण्याची शक्यता मोठी असते.

हृदयाप्रमाणेच पायांच्या रोहिण्यांतही चरबीचे थर साचतात. मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्याची प्रमुख कारणे होत. रक्तपुरवठा घटला की नखाजवळची किरकोळ जखमही भरून येत नाही. मधुमेहात पायाची संवेदनाही कमी होत असल्याने ती जखम रुग्णाला कळतच नाही. पुढे जंतुसंसर्ग होऊन ऊतक मृत होते. यालाच गँगरीन म्हणतात.

विडीचा धोका

तेंदूपत्त्याच्या जंगलांमुळे महाकोशल प्रदेशात विडी उद्योग वाढला आणि जबलपूर हे त्याचे एक प्रमुख केंद्र ठरले. विडी, सिगारेट व इतर तंबाखूशी थेट जोडलेला एक विकार म्हणजे बर्जर रोग. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हा रोग बहुधा ऐन कमावत्या वयातील पुरुषांना गाठतो. त्यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या गुठळ्यांनी बंद होतात. वाहिन्या बारीक असल्याने बायपास शस्त्रक्रिया अनेकदा शक्य होत नाही.

अशा वेळी तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच मुख्य उपचार ठरतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या १९९० मधील पाहणीत तंबाखू सोडलेल्या सुमारे ५ टक्के रुग्णांनाच अवयव गमवावा लागला, तर न सोडलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. दिवसाला एखाददुसरी विडीही रोग चालू ठेवण्यास पुरेशी असते.

तपासणी साधी

पाऊल आणि घोट्याजवळची नाडी डॉक्टर बोटांनी तपासू शकतात. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागले असता उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास रक्तपुरवठ्यात अडथळा आहे, असे मानले जाते. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवा ठरू शकतो. तेव्हा डॉपलर तपासणी उपयोगी पडते.

संमतीपूर्वी विचारावयाचा प्रश्न

काळवंडलेले बोट कापण्याचा सल्ला मिळाल्यास 'वरून रक्त येते आहे का?' हे विचारणे अगत्याचे आहे. रक्तपुरवठा नसलेल्या पायाचे बोट कापल्यास ती जखमही भरत नाही. मग पाऊल आणि त्यानंतर गुडघ्याखालील भाग कापण्याची वेळ येते. आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्तप्रवाह सुरू करता आल्यास हानी मर्यादित राहते. मात्र संसर्ग वेगाने पसरत असल्यास प्राण वाचविण्यासाठी तातडीची शस्त्रक्रिया टाळता येत नाही.

तातडी केव्हा?

पाय अचानक थंड, पांढरा, बधिर होऊन तीव्र वेदना सुरू झाल्यास तासाभराचाही विलंब करू नये. साधारण सहा तासांनंतर स्नायूंची हानी भरून न येणारी ठरू शकते. पाय शेकणे किंवा चोळणे टाळावे.

मधुमेही व्यक्तींनी रोज रात्री तळवे व बोटांमधील जागा पाहावी, अनवाणी चालू नये आणि भोवरी ब्लेडने कापू नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

२००५ चा जागतिक मधुमेह दिन पायांच्या निगेला वाहिलेला होता. मधुमेहामुळे होणारे ८५ टक्क्यांपर्यंत अवयवच्छेदन टाळता येण्याजोगे आहे, असे त्या वेळी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने सांगितले होते. त्याची सुरुवात पायमोजे उतरवून पाय डॉक्टरांना दाखविण्यापासून होते.