मामाचं मेडिकल

पहाटेचे साडेपाच. मुलुंडच्या आमच्या घरात मामी गॅसपाशी उभी आहे आणि मामाचा चहा अडवून धरते आहे. "अहो, थांबा जरा. तपासणीला उपाशीच जायचं असतं." मामा खुर्चीत गप्प बसला आहे. दोघं कालच महालक्ष्मी एक्स्प्रेसने सांगलीहून आली. आज त्यांचं अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचं मेडिकल आहे.

मी दवाखान्याने पाठवलेल्या सूचना मोठ्याने वाचते. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, फोटो, लसींच्या नोंदी, चालू औषधांची नावं आणि डोस, चष्मा. उपाशी या, असं कुठेच लिहिलेलं नाही. मामाला मधुमेह आहे. त्याला रिकाम्या पोटी लोकलच्या गर्दीत घालायची माझी तयारी नाही. मी पोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवते, गोळी हातावर देते. मामी शेवटी चहा गाळते.

मग शेवटची ओळ: पूर्वी क्षयरोग झाला असल्यास त्याचे सर्व कागद आणि जुने एक्स-रे आणावेत. ही ओळ ऐकताना दोघंही माझ्याकडे बघत नाहीत. काल रात्री उशिरापर्यंत याच ओळीवरून बोलणं चाललं होतं.

टेबलावरच्या फाइलमध्ये सगळ्यात खाली एक कार्ड आहे. वानलेसवाडीचं, १९७४ सालचं. मिरजेजवळचं हे क्षयरोग्यांचं इस्पितळ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. "वानलेसवाडीला ठेवलंय" एवढं कानावर आलं की पुढचं कोणी विचारत नसे. मामा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. कार्ड घडीवर फाटलेलं, आतून सेलोटेप लावून सांधलेलं. निळ्या शाईत वजनांचा रकाना: ४१, ४१, ४३, ४६, ४९. शेजारी स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांच्या खुणा, एकाखाली एक, कार्ड उलटवलं तरी संपत नाहीत. रिफॅम्पिसिन घालून सहा-आठ महिन्यांत होणारा उपचार आपल्याकडे सर्रास मिळायला लागला तो नंतर. मामाने वर्ष-दीड वर्ष सुया टोचून घेतल्या. तेव्हापासून आपल्याला ऐकायला कमी येतं, असं तो म्हणतो.

लग्नाआधी त्याने हे मामीला स्वतः सांगितलं होतं. बाकी कोणालाच नाही, पोटच्या लेकीलासुद्धा नाही. ताई आता एडिसनला असते, अमेरिकेची नागरिक झाली आहे आणि तिनेच आईवडिलांसाठी अर्ज भरला. काल संध्याकाळी फोनवर तिला हे पहिल्यांदा कळलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सांगायला हवं होतं." मामा म्हणाला, "तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हा." एवढ्यात सगळं आलं.

सांगलीत व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या एकाने त्याला सल्ला दिला आहे की कार्ड घरीच ठेवा, विचारलं तर नाही म्हणा. असले सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बरा झालेला क्षय व्हिसाच्या आड येत नाही. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं, तर मात्र कायमची बंदी येऊ शकते. शिवाय छातीचा एक्स-रे होणारच आहे. कागद लपवता येईल, फुप्फुस कुठे लपवणार? रात्री मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. आज सकाळी मामा कार्ड उचलतो, पासपोर्टच्या पानांत घालतो आणि म्हणतो, "चल."

साडेआठला आम्ही दवाखान्यात आहोत. ही तपासणी कुठल्याही डॉक्टरकडे होत नाही. अमेरिकी वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, तीही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीच्या आधी. आपल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र इथे माहितीपुरतं उपयोगी.

बाकं भरलेली आहेत. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. शेजारी आणंदचं एक कुटुंब बसलं आहे, नवरा-बायको आणि दोन मुलं. बाईंच्या भावाने अर्ज केला तेव्हा त्यांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं, असं त्या सांगतात. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते. भावंडांना मात्र भारतातून पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. धाकट्या मुलाला रक्त काढायला नेतात आणि त्याचं रडणं बाहेरपर्यंत येतं. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांचा क्षय रक्तावरून तपासतात. आपल्याकडे जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे कातडीवरची जुनी चाचणी फसू शकते. रक्ताची चाचणी बीसीजीने फसत नाही.

मामीला एक्स-रेसाठी हाक येते. "गळ्यातलं काढा, आजी." मामी थबकते. मग पदराआड वळून मंगळसूत्र काढते, रुमालात गुंडाळते आणि माझ्या मुठीत देते. ब्लाउजला लावलेल्या दोन सेफ्टी पिनाही काढून देते. रुमाल तिच्या अंगाच्या उबेने गरम आहे. "सांभाळ गं," ती म्हणते आणि गाऊन घ्यायला आत जाते. बायकांना आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवलं तर दारात अशी घालमेल होणार नाही.

लसींच्या खोलीत परिचारिका विचारते, "लहानपणीचं कार्ड?" मामी बाही वर सारते. दंडावर दोन गोल, खोलगट वण आहेत, रुपयाएवढे. देवी टोचल्याचे. तिच्या पिढीकडे लसीची नोंद म्हणून एवढंच. देवीचा रोग जगातून गेला, आणि व्हिसासाठी लागणाऱ्या लसींच्या यादीत त्या लसीला आता जागा नाही. लहान मुलांचं सरसकट लसीकरण आपल्याकडे १९८५ नंतर पसरलं. १९५९ साली जन्मलेल्या बाईकडे कागद असणार कुठून? नोंद नसेल तर वयाप्रमाणे लागतील त्या लसी इथेच देतात. मामीच्या वाट्याला धनुर्वात-घटसर्पाची, फ्लूची, न्यूमोनियाची आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची येते. मामाला ही शेवटची नाही. मामीला हे अन्यायाचं वाटतं. परिचारिका समजावते की १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना गोवर होऊन गेलेला असणारच असं धरतात. मामा १९५३ चा. कांजिण्या दोघांनाही लहानपणी येऊन गेल्या आहेत, ते सांगितल्यावर ती लस सुटते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच विचारून लिहून ठेवावं.

मामाचा एक्स-रे होऊन बराच वेळ झाला आहे. मामीला मोकळं केलं, त्याला थांबवून ठेवलं आहे. तो गुडघ्यावर बोटं आपटतो. मला एलिस बेटाची आठवण येते. १८९२ पासून न्यूयॉर्कच्या त्या बेटावर जहाजांतून उतरलेली माणसं जिना चढत, आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघून कोटावर खडूने अक्षर काढत; हृदयाचा संशय आला तर एक, डोळ्यांचा आला तर दुसरं. १९२४ च्या कायद्यानंतर ही तपासणी हळूहळू ज्याच्या त्याच्या देशात, निघण्यापूर्वीच होऊ लागली. समुद्र ओलांडून गेल्यावर परत पाठवण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. बाकावरची धाकधूक मात्र तीच असावी.

डॉक्टरीणबाई आत बोलावतात. पडद्यावर मामाची छाती. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या कोपऱ्यात पांढरट रेघोट्या, आखडलेल्या. त्या काही विचारायच्या आत मामा पासपोर्टमधून कार्ड काढून टेबलावर ठेवतो. बाई ते उघडतात, वजनांच्या रकान्यावरून बोट फिरवतात. "पूर्ण कोर्स केलात तुम्ही," त्या म्हणतात. पन्नास वर्षांनी कोणीतरी हे त्याला शाबासकीच्या सुरात म्हणतं आहे. मामा मान डोलावतो, बोलत नाही.

बाई घाई न करता सांगतात. जखम भरलेली दिसते, पण नुसत्या डोळ्यांनी ते ठरवायचं नसतं. तीन दिवस लागोपाठ सकाळी थुंकीचा नमुना द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघतात, पण तेवढ्यात काही रुग्ण निसटतात. म्हणून २००७ पासून कल्चरही सक्तीचं झालं. क्षयाच्या एका जंतूचे दोन व्हायला पंधरा ते वीस तास लागतात, त्यामुळे काही उगवत नाही असं म्हणायला साधारण दोन महिने थांबावं लागतं. व्हिसा त्यानंतर. कार्ड आणलंत हे चांगलं केलंत, त्या म्हणतात. कुठली औषधं किती दिवस घेतली ते मला लिहिता येईल.

दोन महिने म्हटल्यावर मामीचा चेहरा उतरतो. ताईने घरात त्यांची खोली लावून ठेवली आहे. मी मनात तारखा मोजते. बाहेर येऊन मी मामीला बाकावर बसवते आणि काउंटरकडे वळते. मामा मला हाताने थांबवतो आणि स्वतः पुढे होतो. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात तो म्हणतो, "मला १९७४ साली क्षय झाला होता. तीन दिवस थुंकी द्यायची आहे. किती वाजता येऊ?"

बाकावरचे दोघं-तिघं मान वर करून बघतात. काउंटरवरची मुलगी शांतपणे चिठ्ठी लिहिते. "उद्या सकाळी आठ वाजता, काका. नुसत्या पाण्याने चूळ भरून या."

"आणि निकालाची एक प्रत मला मिळेल का? लेकीला पाठवायची आहे."

"डॉक्टरांना विचारून सांगते," ती म्हणते आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात तेही लिहून घेते.