जुन्या मॅटाडोरचा जोर

बजाज टेंपोची एखादी जुनी मॅटाडोर चाळीसगावहून आपल्या छत्रपती संभाजीनगरकडे भरल्या मालाने निघाली, की कन्नडच्या घाटात तिचा दम तुटतो. मालक म्हणतो, 'पंप वाढवा!' आम्ही चालकांच्या संघटनेतले; हा उपाय आम्ही जवळून पाहिला आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारले, की ते पेटते. १ किलो डिझेल पूर्ण जळावयास सुमारे १४.५ किलो हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढविले, तर अर्धवट जळालेला भाग काळा धूर होऊन जातो. जोर थोडा वाढतो. पण उष्णताही वाढते आणि एखादे दिवशी पिस्टन वितळतो. भुर्दंड मात्र चालकाच्या पगारातून कापला जातो!

म्हणून आधी गमावलेला जोर परत मिळवावा. एअर फिल्टर साफ करावा, टॅपेट जुळवावेत, नोझलची फवारणी व पंपाचे टायमिंग तपासून घ्यावे. कॉम्प्रेशन उतरले असेल, तर रिंगा व व्हॉल्व्ह यांचे काम अगोदर करावे. टर्बो जादा हवा कोंबतो खरा. पण जुन्या पिस्टन-बेअरिंगांना तो भार सोसला पाहिजे.

एवढे करूनही घाट जड जात असेल, तर माल कमी भरावा. मालकांना हे पटविणे, हेच आमचे काम.